चाकांवरच्या घराचा उजवा टायर

मला टांगून ठेवलंय म्हणून मी गप्प आहे असं समजू नका. सारसोळ्याच्या धक्क्यावर, खाडीकडच्या अंगाला, जाड दोराने बांधलेला एक काळा टायर दिसतोय ना, तोच मी. होड्या दगडावर घासून फुटू नयेत म्हणून मला इथे लावलंय. भरतीला मी अर्धा पाण्यात, ओहोटीला चिखलावर लोंबकळत. होडी टेकली की दाबला जातो, सुटली की फुगतो. निवांतपणा कसा तो नाहीच.

आज तर मुळीच नाही. आज सकाळी ते घर पुन्हा निघालंय, चाकांवरचं घर. त्याच्याखाली आता दुसरे टायर आहेत आणि त्यांना घाट चढायचाय. ते परत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर येणार नाही. म्हणून बोलतोय. बोललं की तेवढा वेळ जातो.

माझा जन्म कारखान्यातला. आत सुताचे पदर, वर रबर, आणि मग गरम साच्यात असं दाबलं की अजून आठवलं तरी अंग आखडतं. बाहेर आलो तेव्हा अंगभर अक्षरं उमटली होती. लोकांना वाटतं ती नुसती कंपनीची जाहिरात. पण त्यातच एका बाजूला, बारीक अक्षरांत, हा टायर किती भार पेलेल ते लिहिलेलं असतं. कोणी वाचत नाही ती गोष्ट वेगळी. माणसाच्या अंगावर असं काही लिहिलेलं नसतं. असतं तर बऱ्याच बायकांचं बरं झालं असतं.

मी होतो मोटारीचा टायर. रुंद, मऊ, चकचकीत. तुर्भ्याला रावसाहेबांच्या दुकानात मला अगदी समोर मांडलं होतं. शेजारी एक अरुंद, जाड कडांचा टायर होता, टेम्पोला लावतात तसला. दिसायला रुक्ष. गिऱ्हाईक त्याच्यावर पाय ठेवून चपलेचा चिखल पुसायचं.

एक दिवस सारसोळ्याचे गोटीराम दुकानात आले. सोबत त्यांचा मुलगा मिथुन आणि सून सुचिता. सुचिताच्या कडेवर तिचं पहिलं बाळ. बाळाचं नाव केयूर. हे नाव तिने नेरूळच्या नव्या बिल्डिंगमधल्या एका बाईच्या तोंडून ऐकलं होतं आणि हट्टाने ठेवलं होतं. आजीला ते बोलता येत नव्हतं, ती त्याला केवरू म्हणायची.

"कशाला लावायचेत?" रावसाहेबांनी विचारलं.

"घराला," मिथुन म्हणाला.

रावसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "घराला टायर?"

"चाकावरचं घर हाय. जीपच्या मागं जोरायचं."

गोष्ट अशी होती. या लोकांची कुलदेवी कार्ल्याच्या डोंगरावरची एकविरा आई. दर चैत्रात सगळे भावबंद यात्रेला जायचे, उघड्या टेम्पोत उभं राहून. औंदा केयूरचं जावळ आईच्या पायाशी काढायचं होतं. गोटीरामांनी कुठे रस्त्याच्या कामावर साहेबाची चाकांवरची खोली पाहिली होती. त्यांच्या मनात बसलं, आपला नातू उन्हातान्हात जायचा नाही, आपणही तसलीच खोली बांधायची. आत पाळणा, आत बायकांना पडायला जागा. जीप तर दारात होतीच.

"भार किती?" रावसाहेबांनी विचारलं.

बापलेकांनी एकमेकांकडे पाहिलं. "रिकामंच हाय," गोटीराम म्हणाले. "नुसती खोली."

"माणसं किती बसणार?"

"घरचीच."

रावसाहेब देशावरचे. त्यांनी घरची म्हणजे चार-पाच धरली. सारसोळ्यात घरची म्हणजे आत्या, मावश्या, त्यांच्या सुना, सुनांची पोरं, आणि ज्यांनी जाता जाता नुसतं 'आमी पन येतो' म्हटलं ते सगळे.

"दादा, यातला कुठला फुटायचा नाय?" सुचिताने विचारलं.

"न फुटणारा टायर अजून कुणी केला नाही, ताई. पण भार ओढायचा असेल तर हा घ्या." त्यांनी त्या रुक्ष टायरवर थाप मारली.

मिथुनने त्याला अंगठ्याने दाबून बघितलं. "ह्यो म्हंजे दगर हाय. किती धक्के देल. आत बाल झोपनार हाय." मग माझ्याकडे वळला. मुलगी बघायला आलेले लोक बघतात तसं त्याने मला फिरवून बघितलं. "ह्यो बघ. मऊ हाय आनि जीपच्या मागं शोभल पन."

"शोभून काय करायचं?" सुचिता म्हणाली. ती वाकून माझ्या अंगावरची अक्षरं बघत होती. सातवी झालेली, इंग्रजी जेमतेम, एकेक अक्षर लावत होती.

"तुला ना टेन्शन घेवाची सवयच हाय," मिथुन हसला. "आता टायर पन वाचतेस काय?"

मग ती उठली. उठताना तिने उलट्या हाताने मला स्पर्श केला, बाळाच्या कपाळाला लावतात तसा. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. पहिलटकरणीचा हातच तसा झालेला असतो, जे समोर येईल त्याला ताप आहे का बघतो. मी थंड होतो. मी आणि माझ्यासारखाच आणखी एक, असे आम्ही दोघे भाऊ जीपमध्ये पडलो. मी उजवा झालो, दुसरा डावा.

घर बांधायला गोटीरामांनी भैरूला बोलावलं. भैरू होड्या बांधणारा सुतार. जन्मात त्याने दुसरं काही बांधलं नव्हतं. त्याने चाकांवर होडीच बांधली. आतून सागाच्या फासळ्या, जाड फळ्या, फटीत कापूस कोंबून डांबर भरलेलं. वर निळा रंग. काम संपल्यावर तो लांब उभा राहिला आणि म्हणाला, "गोटीदादा, हे घर बुरायचं नाय."

खरंच होतं. पण ते पाण्यातून जाणार नव्हतं. मी खालून कण्हत होतो. अजून आत एक माणूस बसलं नव्हतं आणि माझं पोट जमिनीला टेकायला आलं होतं.

पौषापासून चैत्रापर्यंत आम्ही धक्क्याजवळच्या मोकळ्या जागेत उभे. एकाच जागी, एकाच अंगावर. वर ऊन, खाली खारं. टायरला चालणं सोसतं, असं उभं राहणं सोसत नाही. कडेला बारीक भेगा पडायला लागल्या. दुपार झाली की सुचिता यायची आणि आम्हा दोघांवर जुनं लुगडं टाकून जायची. जाळी विणत बसलेल्या बायका हसायच्या.

"टायरला ऊन लागतंय काय गो, सुचिते?"

"लागत असल," ती म्हणायची. "कोनी विचारलंय त्याला?"

ते लुगडं मी विसरलेलो नाही.

यात्रेचा दिवस उजाडला. आणि मग सुरू झालं ते मानाचं. तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो. देवीकडे गाडी निघाली की गल्लीतल्या घराघरातून तिच्यासाठी काही ना काही येतं. नारळ, साडीचोळी, तांदूळ, कोंबडा, कोणाच्या नवसाचा बकरा. त्याला मान म्हणायचं. ज्याची गाडी त्याने तो न्यायचा. गोटीरामांची बायको सुमित्राबाई दारात उभी राहून सगळं घेत होती. तांदळाची पोती आली. जेवणावळीचे टोप आले. पाण्याचा पिंप आला.

"आत्या, आता बस करा ना," सुचिता हळूच म्हणाली. "गारी खाली बसलीय."

"मानाला नाय म्हनायचं नाय," सुमित्राबाई म्हणाली. "आनि आईच्या सामानाला वजन नसतंय, समजलं? आई आपली आपन नेते."

हे ती फसवायला म्हणत नव्हती. तिचा तसा विश्वास होता आणि गल्लीतल्या सगळ्यांचाच होता. मानाचं पोतं उचलताना कोणी 'जड आहे' असंसुद्धा म्हणत नव्हतं. मी मात्र टायर. मला देवीचे तांदूळ आणि दुकानातले तांदूळ सारखेच लागतात.

मग घरची बसली. मघाशी सांगितली ती सगळी.

निघालो. महामार्गाला लागलो तसं घर मागे-पुढे झुलायला लागलं. पाळण्यातलं बाळ रडायला लागलं. कळंबोलीच्या आसपास सुमित्राबाईने जीप थांबवायला लावली.

"मिथुन, गारी धक्क्यानं उरते. पोराचं डोकं हालतंय बघ. हवा थोरी कमी कर, मऊ लागल."

मिथुनने खाली बसून आमची हवा सोडली. प्रेमानेच सोडली. बाळ शांत झालं, आत कोणीतरी गाणं धरलं. आणि माझं मरण सुरू झालं.

हवा कमी आणि भार जास्त झाला की टायर प्रत्येक फेऱ्याला वाकतो, सरळ होतो, पुन्हा वाकतो. तार हातात धरून वाकडी-सरळ, वाकडी-सरळ केली की कशी तापते आणि मग तुटते, तसं. खाली चैत्रातलं डांबर. पनवेल गेलं. मी तापत होतो. माझ्या आतलं सूत ताणून वाजत होतं. वर बायका टाळ्या वाजवत होत्या. मला ओरडायचं होतं, पण टायर एकदाच ओरडतो, फुटताना.

खोपोलीला, घाटाच्या पायथ्याशी, चहाला थांबलो. पुढे सगळा चढ आणि वळणं, एका बाजूला दरी. सुचिता बाळाला घेऊन उतरली. बाकीचे वडापावच्या गाडीकडे वळले, ती सरळ माझ्याकडे आली. बाळाला डाव्या खांद्यावर टाकलं, वाकली आणि उजवा हात उलटा करून मला लावला.

झटकन मागे घेतला.

मग ती जीपच्या टायरकडे गेली. त्याला लावला. परत माझ्याकडे आली. पुन्हा जीपकडे.

"ऐकता का," तिने मिथुनला हाक मारली. "ह्याला ताप हाय."

वडापाव खाणारे हसले. मिथुन तोंड पुसत आला. "अगं, चाललं की टायर गरम होतंय. इंजिन पन होतंय."

"मग जीपचा का नाय झाला? रस्ता एकच, ऊन एकच. लावा हात."

मिथुनने हात लावला. त्यालाही चटका बसला, पण भोवती सगळे भावबंद उभे होते. "होतंय तेवढं," तो म्हणाला. "चल, बस."

ती बसली नाही. रस्त्याकडेच्या एका दगडावर जाऊन बसली, बाळाला पदरात घेऊन.

"उठ गो बाय," सुमित्राबाई आली. "दुपारच्या आत जावल काढायचंय. सगली खोलंबलीत."

"आत्या, मी आत बसनार नाय. पोराला पन देनार नाय."

"आईच्या वाटेवर आरवी बसतेस? तुझ्याच पोराच्या कामाला?"

आजूबाजूचं हसणं थांबलं. सुनेला यापेक्षा मोठा शब्द लावता येत नाही. सुचिताने बाळाला आणखी जवळ ओढलं. तिला स्वतःलाही खात्री नव्हती हो. तिला टायरमधलं काय कळणार? हाताला लागलेला चटका, एवढाच तिच्याकडे पुरावा. आणि आपण चुकत असलो तर जन्मभर ऐकावं लागेल हेही तिला कळत होतं.

गोटीराम लांब बिडी ओढत उभे होते. ती त्यांच्याकडे वळली.

"मामा, एक विचारू? तुमची होरी एवढी पान्यात बसली असती तर तुमी दर्यात घातली असती?"

गोटीराम घराकडे वळले. बिडी टाकली. माझ्यासमोर आले आणि उकिडवे बसले. मान खाली घालून, एक डोळा मिटून, होडीची पाण्याची रेघ बघतात तसं त्यांनी मला बघितलं. रेघ नव्हतीच. माझं पोट दोन्हीकडून बाहेर येऊन डांबरावर पसरलं होतं. त्यांनी डाव्याला बघितलं. मग घराच्या त्या जाड फळ्यांवर हात फिरवला. इतके महिने बघत होते, पण खालून पहिल्यांदाच बघितलं असावं.

"सामान उतरवा," ते म्हणाले.

"मान उतरवायचा नाय," सुमित्राबाई पोत्यावर जाऊन बसली. "निघालेला मान वाटेत खाली ठेवत नाय कोन. मी उठनार नाय."

बरीच बाचाबाची झाली. शेवटी गोटीराम म्हणाले, "बरं. मान राहू दे. मानसं उतरा."

आणि तसंच झालं. सगळी घरची उतरली आणि लोणावळ्याच्या एष्टीत कोंबली गेली. सुमित्राबाईलाही उतरवलं, ती शेवटपर्यंत पुटपुटत होती, "एवढं घर बांधलं ते कुनासाठी? पोरगं चाललंय एष्टीतून, बकरा चाललाय पालन्याशेजारी." मिथुनने पंपावर जाऊन आम्हाला हवा भरली, तोंड पाडून. सुचिताशी तो बोलला नाही. ती बाळाला घेऊन एष्टीच्या खिडकीत बसली आणि शेवटपर्यंत मागे वळून माझ्याकडे बघत होती.

घाट मी कसा चढलो ते मलाच माहीत. मधल्या एका वळणावर, जीपने जोर लावला तेव्हा, माझ्या आत काहीतरी तटकन तुटलं. मग आणखी. एकेक सूत जात होतं. बाहेरून काही दिसत नव्हतं, रबर तेवढं अंग धरून होतं. आत बकरा उभा होता, टोप एकमेकांवर आपटत होते. तीन माणसं जरी जास्त असती तरी ते वळण मी काढलं नसतं. हे मी आज सांगतोय. तेव्हा सांगायला मला तोंड नव्हतं.

पोचलो. केयूरचं जावळ झालं, नवस फिटले, जेवणं झाली. काही झालं नाही.

आणि तेच वाईट झालं. मी फुटलो असतो तर सुचिता खरी ठरली असती. मी टिकलो म्हणून ती वेडी ठरली. "बघ, कायच झालं नाय," मिथुन म्हणाला. "उगाच सगल्यांना एष्टीत घातलंस." येताना मान संपलेला, घर हलकं, सगळी मजेत आत बसली. ती मात्र बाळाला घेऊन पुन्हा एष्टीनेच आली. एकटी.

तेव्हापासून गल्लीत तिचं नाव पडलं, टायरवाली. पोराला पाण्याजवळ सोडू नका म्हणाली, तरी टायरवाली. गरम टोप झाकून ठेवा म्हणाली, तरी टायरवाली. लोक चिडून म्हणत नव्हते, हसून म्हणत होते. हसून म्हटलेलं पुसता येत नाही. हळूहळू ती बोलायची कमी झाली. बघायची मात्र कमी झाली नाही.

पुढे माझी हवा टिकेना. पंक्चरवाल्याने मला उतरवून आत हात घातला. "हा गेला," एवढंच म्हणाला आणि लोटून दिला. का गेला ते त्याला कोणी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. डावाही बाद झाला. गोटीरामांनी आम्हाला धक्क्यावर आणून बांधलं, मी इकडच्या टोकाला, तो तिकडच्या.

मग हा मागचा फाल्गुन. गोटीराम धक्क्यावर बसून जाळं शिवत होते. मिथुन होडीतलं पाणी उपसत होता. सुचिता केयूरला घेऊन आली होती. केयूर आता धावतो. तो माझ्याजवळ पालथा पडला, माझ्या पोटात हात घातला आणि काहीतरी ओढून काढलं.

"आबा, जालं."

त्याच्या मुठीत माझ्या आतल्या सुताचा झुपका होता, त्याला ते आजोबांचं जाळं वाटलं.

गोटीरामांनी तो हातात घेतला. आयुष्यभर जाळी शिवणारा माणूस, सूत कापलं गेलंय, कुजलंय की ताणाने तुटलंय, हे त्यांच्या बोटांना न बघता कळतं. ते उठले आणि माझ्या आत कोपरापर्यंत हात घातला. हळूहळू गोल फिरवला. एक संपूर्ण फेरा. सगळीकडे तेच लागलं.

बराच वेळ त्यांनी हात बाहेर काढला नाही.

"सुचिता," ते म्हणाले, "हात घाल."

तिने घातला. तिचं तोंड पांढरं पडलं. दुसऱ्या हाताने तिने केयूरचा दंड घट्ट धरला, इतका की तो कळवळला. दोन वर्षांपूर्वीच्या घाटाची भीती आता तिच्या हातात आली.

"तानानं तुटलंय," गोटीराम म्हणाले. "घाटातलंच."

ती म्हणाली नाही की मी सांगत होते. नुसती खाली बसली.

मग गोटीरामांनी होडीकडे तोंड करून हाक मारली. "मिथुन. औंदा टायर घेवाला सुचिता जायल. तू नुसता उचलायला जा. आनि ती म्हनल तिथं गारी थांबल."

"आनि मान?" मिथुनने विचारलं.

"मानाला येगला टेम्पो. आई टेम्पोत पन बसते."

मिथुन होडीतून वर आला. त्यानेही हात घातला. बायकोकडे बघितलं. मग केयूरला उचलून खांद्यावर घेतलं आणि उगाचच बराच वेळ खाली ठेवलं नाही.

नवे टायर आले. तेच, अरुंद, जाड कडांचे, चिखल पुसायच्या लायकीचे. शोभत अजिबात नाहीत. दुकानात तिने माणसांची, पोत्यांची, भैरूच्या फळ्यांची सगळी गोष्ट सांगितली म्हणे, आणि मगच हात लावला.

आज सकाळी ते निघाले. निघताना तिने दोन्ही टायरांना उलटा हात लावला. सगळं नीट होतं. टेम्पो मानाने भरला होता. पण जीप सुरू झाल्यावर सुमित्राबाईने इकडेतिकडे बघितलं आणि तांदळाचं एक पोतं हळूच घरात सरकवलं. मी पाहिलं. बकऱ्यालाही ती दोरीने ओढत होती, तो आत गेला की नाही ते होडी आड आल्यामुळे दिसलं नाही.

तेव्हापासून मी असा हिंदकळतोय. नवे टायर दणकट आहेत, ठाऊक आहे मला. एका पोत्याने काय होतंय, तेही ठाऊक आहे. पण तुमचं माणूस घाटात असलं की ठाऊक असून काय उपयोग?

तुम्ही त्या रस्त्याने जाणार असाल तर एवढं करा. खोपोलीला, चढ लागायच्या आधी, जीपच्या मागे एक निळं घर उभं दिसेल, होडीसारखं. आत गाणी चाललेली असतील. बाहेर एक बाई वाकून टायरला हात लावत असेल. तिला हसू नका. जवळ जा आणि तुम्हीपण लावून बघा. तळहात नको, तो कामाने निबर झालेला असतो. उलटा हात लावा, कपाळाला लावतात तसा.